पाणी चढतंय का उतरतंय?

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर एक आकडा विचारला जातो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं? ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. नदीकाठच्या गल्ल्यांत ३९ व्हायच्या आधीच धान्याची पोती माळ्यावर चढायला लागतात, गाड्या उंचावरच्या पाहुण्यांकडे जातात. आणि नुसत्या आकड्यावर कुणी थांबत नाही. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, खरं तर तोच महत्त्वाचा असतो: पाणी चढतंय का उतरतंय?

नदीच्या बाबतीत इतकी शहाणी असलेली माणसं स्वतःच्या ताणाच्या बाबतीत मात्र थेट ४३ फुटांवरच जागी होतात. घरात मोठं भांडण झालं, रक्तदाब तपासताना डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली, सलग चार रात्री पहाटे तीनला जाग आली, म्हणजे मग 'जरा टेन्शन आहे' असं कबूल होतं. ३९ ते ४३ मधल्या चार फुटांत जे करता आलं असतं ते तोवर हातातून गेलेलं असतं. हा लेख त्या चार फुटांविषयी आहे.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. धोका जाणवला की मेंदूचा आतला भाग विचार पूर्ण व्हायच्या आधीच हुकूम सोडतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, पचनाचं काम मागं ढकललं जातं. कॉर्टिसोल हे दुसरं संप्रेरक त्यामानानं सावकाश चढतं आणि उतरायलाही वेळ घेतं. पळण्यासाठी किंवा भिडण्यासाठी केलेली ही तयारी उत्तम आहे. अडचण अशी, की रात्री दहाला साहेबाचा मेसेज आला तरी शरीर हीच तयारी करतं, आणि आपण खुर्चीत बसून राहतो. जबडा आवळलेला, खांदे कानाकडे सरकलेले, पोटात आग. हा स्वभावाचा दुबळेपणा नव्हे. यंत्रणा चोख चालते आहे, फक्त तिला काम मिळालेलं नाही.

ताण एका गोष्टीचा क्वचितच असतो. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि तिथून पुढं पंचगंगा म्हणायचं. एखाद्या नदीच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला तरी शहर सहसा निभावतं. चारही खोऱ्यांत एकाच आठवड्यात झड लागली की पाणी रस्त्यावर येतं. माणसाचंही तसंच. अपुरी झोप, थकलेला हप्ता, सासऱ्यांचं आजारपण, वर्कशॉपमधली कुरबुर, यातली प्रत्येक गोष्ट एकटी झेपणारी असते. मग एक दिवस पोरानं दप्तर जागेवर ठेवलं नाही म्हणून हात उगारला जातो. 'एवढ्याशा गोष्टीवरून?' असं घरचे विचारतात, पण ती एवढीशी गोष्ट म्हणजे नुसता शेवटचा थेंब असतो. म्हणून चिडचिड वाढली की चार गोष्टी आधी तपासाव्यात: काल किती झोपलो, शेवटचं जेवण कधी झालं, पैशाचं काय अडलंय, आणि कुणाशी बोलणं तुटलंय. बऱ्याचदा दोन नद्या तरी इथंच सापडतात.

स्वतःची इशारा पातळी ठरवायला सात दिवस आणि एक चाळीस पानी वही पुरते. दिवसातून तीन वेळा, सकाळी कामाला लागताना, दुपारी जेवणाआधी आणि रात्री नऊच्या सुमारास, एकेक ओळ लिहायची. त्यात वेळ, शरीरात काय जाणवतंय आणि शून्य ते दहामधला एक आकडा, इतकंच. कारणमीमांसा नको. ती लिहायला बसलं की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. आठवड्यानंतर वाचलं की आपापली चिन्हं दिसू लागतात. कुणाचं दूध सलग उतू जातं, कुणी सिग्नलला विनाकारण हॉर्न वाजवतं, कुणी घरच्यांना 'हं'शिवाय उत्तर देत नाही, कुणाचा अंगठा तासभर मोबाइलवर सरकत राहतो. यातली तीन निवडायची. घरच्यांना विचारलं तर ते पाच सांगतील, आणि त्यांचं बहुधा बरोबर असेल. ही तीन चिन्हं दिसली की ३९ फूट झालं असं समजायचं.

या पातळीला सगळ्यात लवकर लागू पडणारी गोष्ट म्हणजे श्वास. तो सोपा वाटतो म्हणून लोक तो चुकीचा करतात, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. नाकानं, मनात चार मोजत श्वास आत. सहा मोजत बाहेर. एक फेरी दहा सेकंदांची, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटांत तीस. सगळी करामत बाहेर जाणाऱ्या श्वासात आहे. श्वास घेताना हृदयाची गती थोडी वाढते, सोडताना व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत ती कमी होते. मनगटावरची नाडी धरून बसलं तर हा फरक पुष्कळांना बोटालाही कळतो. सोडणं लांबवलं की शरीराला 'धोका टळला' असा निरोप जातो, आणि हा निरोप पोचवायला मनाची समजूत काढावी लागत नाही.

चुकतं कुठं? पहिली चूक, छाती भरभरून मोठे श्वास घेणं. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली येतो, डोकं हलकं होतं, ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. माणूस घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. उपाय असा, की श्वास छोटा करायचा, शेजारच्याला आवाज येणार नाही इतका हलका. दुसरी चूक, खांदे वर उचलणं. बेंबीच्या वर तळहात ठेवायचा, हात हलला पाहिजे आणि खांदा नाही. चार-सहाचं माप जड जात असेल तर तीन-चारवर यायचं, दमा असलेल्यांनी तर मुळीच ताणू नये. ज्यांना मोजायचा कंटाळा येतो त्यांनी भ्रामरी करावी. गुंजन करताना श्वास आपोआप लांब सुटतो, मोजावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे फक्त अडचणीच्या वेळी करून पाहणं. पोहणं उन्हाळ्यात विहिरीत शिकतात, पुरात कुणी शिकत नाही. दोन आठवडे रोज सकाळी पाच मिनिटं शांत असताना केलं, तरच दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत अडकल्यावर ते हाताशी येतं. गाडीवर असताना अर्थातच डोळे उघडे, मोजणं बंद, नुसता श्वास सावकाश सोडायचा.

राग आलेला असताना मात्र एक समज सोडून द्यायला हवी. उशी बडवावी, आरडाओरडा करावा, म्हणजे वाफ निघून जाते असं म्हणतात. तसं होत नाही. शरीर आधीच तापलेलं असतं, आदळआपट त्याला आणखी तापवते. त्या क्षणी अंग थंड करणाऱ्या गोष्टीच उपयोगी पडतात: सावकाश श्वास, तोंडावर पाणी, वीस मिनिटं त्या खोलीतून बाहेर. बाहेर पडताना 'वीस मिनिटांनी परत येतो, मग बोलू' हे सांगून जावं, कारण न सांगता निघून जाणं समोरच्याला घाव घालतं. आणि परत यावं.

व्यायामाची जागा रागाच्या झटक्यात नाही, रोजच्या दिवसात आहे. ज्या शहरात पेठेपेठेत तालीम आहे आणि शाहू महाराजांनी खासबागेसारखं कुस्तीचं मैदान उभं केलं, तिथं हे नव्यानं सांगायला संकोच वाटतो. पण तालमीच्या पायरीवर बसणारे वाढले आणि आत जाणारे घटले, ही खंत कुणाही वस्तादाच्या तोंडून ऐकायला मिळेल. पळायच्या तयारीत अडकलेल्या शरीराला हालचाल दिली की ती तयारी सत्कारणी लागते, स्नायू खरोखर दमतात आणि मग ढिले पडतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे अर्ध्या तासाचे पाच दिवस. रंकाळ्याचा पदपथ त्यासाठी पुरेसा आहे. वेग असा हवा, की सोबत्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात.

चालणं फुकट घालवायचेही मार्ग आहेत. कानाला फोन लावून उधारी-वसुलीची बोलणी करत संध्यामठापर्यंत गेलं, तर पाय चालतात आणि डोकं दुकानातच राहतं. पहिली दहा मिनिटं तरी फोन खिशात ठेवावा आणि नजर लांब, पाण्याच्या पलीकडे शालिनी पॅलेसच्या बाजूला टाकावी. दिवसभर हातभर अंतरावरच्या पडद्याला खिळलेल्या डोळ्यांना आणि मानेला लांबचं बघणं मिळतं. बैठका मारायच्या असतील तर पहिल्या दिवशी दहाच माराव्यात. जुन्या आठवणीनं पहिल्याच दिवशी शंभर मारणाऱ्याच्या मांड्या तिसऱ्या दिवशी जिना उतरू देत नाहीत, आणि त्याचा व्यायाम तिथंच संपतो. दुसऱ्या दिवशी दुखलं नाही तर पाच वाढवाव्यात. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून उठावं, तीही बैठकच.

'स्ट्रेस' हा शब्द शरीराच्या संदर्भात हान्स सेलीए या शास्त्रज्ञामुळं रूढ झाला, त्याचा पहिला निबंध १९३६चा. त्याआधी तो शब्द धातूंचा अभ्यास करणाऱ्यांचा होता. म्हणून शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या माणसाला तो डॉक्टरपेक्षा आधीपासून ठाऊक आहे. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना पातळ भाग आधी गार होतो, जाड भाग मागाहून, आणि या ओढाताणीत कास्टिंगच्या आत ताण साठतो. बाहेरून काही दिसत नाही. मशिनवर घेतल्यावर ते वाकतं, नाहीतर तडकतं. यावर उपाय म्हणून कास्टिंग साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, जाडीच्या हिशेबानं काही वेळ तिथंच ठेवतात, आणि भट्टीतच सावकाश गार होऊ देतात. या शेवटच्या टप्प्यात घाई करून दार उघडलं, की काढलेला ताण परत बसतो.

कामावरून घरी येणं म्हणजे हा शेवटचा टप्पा आहे, आणि आपण तिथंच दार धाडकन उघडतो. चप्पल काढायच्या आधी 'लाइट बिल भरलं का?', बसायच्या आधी 'शाळेतून फोन आला होता.' पंधरा मिनिटं लागतात, जास्त नाही. हातपाय धुणं, कामाचे कपडे बदलणं, पाणी पिणं, दहा मिनिटं गप्प बसणं. घरात आधी बोलून हे ठरवून घ्यावं, म्हणजे गप्प बसणं रुसवा वाटत नाही.

पण ही पंधरा मिनिटं घरातल्या बाईलाही मिळतात का, हे विचारल्याशिवाय हा सल्ला अर्धा राहतो. बँकेतून सहाला आलेली बाई पर्स ठेवते ती कुकरशेजारीच. तिच्या ताणातला मोठा भाग हाताच्या कामाचा नसतोच, तो ध्यानात ठेवण्याचा असतो: पाणी कधी येणार, गॅस कधी लावायचा, आजींच्या गोळ्या किती उरल्या. नवरा 'सांग, काय मदत करू?' म्हणतो तेव्हा सांगण्याचं काम पुन्हा तिच्याकडेच येतं. म्हणून मदत नको, आख्खं काम उचलावं. आजींच्या गोळ्या म्हटलं की संपत आल्याचं लक्षात येण्यापासून ते औषधाच्या दुकानातून आणून डबीत भरेपर्यंत सगळं एकाचं. पहिल्या महिन्यात एखादी गोळी उशिरा येईल अशी धास्ती वाटते, आणि ते काम परत ओढून घ्यायचा मोह होतो. तसं न करता डबीवर तारीख चिकटवावी. अशी दोन कामं पूर्ण सुटली तरी डोक्यावरचा भार जाणवण्याइतका हलका होतो.

कोल्हापूरला कट्टा आहे, हे या शहराचं भाग्य. गंगावेशीत रात्री धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन 'काय भावा, तोंड का उतरलंय?' असं विचारणारं कुणीतरी असणं, यासारखा आधार नाही. बायकांचे कट्टे भिशीत आणि बचत गटात भरतात. फक्त बोलण्याचे दोन प्रकार ओळखावेत. एकात मन मोकळं होतं. दुसऱ्यात तीच तक्रार पाचव्यांदा उगाळली जाते आणि दोघंही जास्त कडू होऊन उठतात. वीस मिनिटांनंतर तेच वाक्य पुन्हा आलं तर विषय बदलावा किंवा 'मग उद्या काय करायचं?' असं विचारावं. ऐकणाऱ्यानं सुरुवातीलाच विचारून घ्यावं: नुसतं ऐकू, का काही सुचवू? कट्ट्यावरचे निम्मे रुसवेफुगवे न मागितलेल्या सल्ल्यातून होतात.

जे कट्ट्यावर सांगता येत नाही त्यासाठी वही. रोज ठरावीक वेळी, समजा संध्याकाळी साडेसहाला, खुर्चीत बसून (अंथरुणात कधीच नाही) वीस मिनिटं काळजी करायची. दिवसभरात काळजी डोकावली की एक शब्द टिपायचा आणि 'साडेसहाला' असं स्वतःला सांगायचं. विचार दाबायला गेलं तर तो दुप्पट जोरानं येतो, वेळ दिली तर पुष्कळदा थांबतो. साडेसहाला पानाचे दोन भाग करायचे, हातातलं आणि हाताबाहेरचं. हातातल्या प्रत्येक काळजीपुढं पहिली पायरी, आणि ती कधी, एवढं लिहायचं. 'उसाचं बिल आलं नाही' ही काळजी रात्रभर फिरत राहते. 'ऊस घातल्याला १४ दिवस होऊन गेले, नियमानं एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) मिळायला हवी, सोमवारी अकराला कारखान्याच्या शेती ऑफिसात' हे काम आहे, आणि काम झोपू देतं. हाताबाहेरच्या रकान्यात पाऊस, बाजारभाव आणि लोक काय म्हणतील हे लिहून वही मिटायची. पहिले चार-पाच दिवस काळजी वेळ पाळत नाही, दुसऱ्या आठवड्यात पाळू लागते.

चहा आणि तंबाखूबद्दल थोडक्यात. चहातल्या कॅफिनचा निम्मा अंमल उतरायला सरासरी पाच तास लागतात, तेव्हा सहाचा चहा अकराला अजून अर्धा शिल्लक असतो. शेवटचा कप तीन-चारला घ्यावा. तंबाखूनं शांत वाटतं कारण मागच्या चिमटीचा अंमल उतरल्यावर आलेली तलफ भागते. हृदयाची गती ती वाढवतेच. दारूनं झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. ताणावर ही तिन्ही औषधं उलटी आहेत.

आता झोप. कोल्हापूरचं पाणी लवकर का उतरत नाही हे इथल्या लोकांना ठाऊक आहे: नृसिंहवाडीला कृष्णाच भरून वाहत असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा उरत नाही, पाणी मागं फुगतं. दिवसाच्या ताणाची कृष्णा म्हणजे झोप. ती तुंबली तर श्वास, चालणं, वही या सगळ्यांनी सोडलेलं पाणीही मागंच फुगत राहतं. म्हणून एकच गोष्ट धरायची असेल तर ही धरावी, असं माझं मत आहे. प्रौढाला सात तास तरी लागतात. झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. ती रोज एकच ठेवावी, रविवारीही, आणि उठल्यावर अर्ध्या तासात दहा-पंधरा मिनिटं उघड्या उजेडात काढावीत. रात्रीची झोप सकाळच्या उजेडापासून सुरू होते. तांबड्या रश्श्याचं जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचं अंतर असावं, नाहीतर आडवं झाल्यावर घशाशी येतं.

झोप येत नसेल तर अंदाजे वीस मिनिटांनी उठावं. घड्याळ पाहू नये. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचावं, डोळे जड झाल्यावरच परत यावं. तळमळत पडून राहिलं की अंथरूण म्हणजे तळमळ, अशी गाठ मेंदूत बसते. अंग ताठ असेल तर एडमंड जेकबसन या डॉक्टरची जुनी रीत करावी. पावलांपासून चेहऱ्यापर्यंत एकेक भाग पाच सेकंद आवळायचा, मग एकदम सोडून वीस सेकंद त्या ढिलेपणाकडे लक्ष द्यायचं. पूर्ण ताकद लावू नये, पोटरीत गोळा येतो. रात्रपाळीवाल्यांनी सकाळी घरी येताना काळा चष्मा लावावा, खिडकीला जाड पडदा आणि दाराला 'बेल वाजवू नका' अशी पाटी लावावी. शेजारणीला राग येईल म्हणून पाटी टाळू नये, तिला समजावून सांगता येतं.

काही ताण वहीत, श्वासात, चालण्यात मावत नाही, आणि तो तसा मावला पाहिजे असा हट्टही धरू नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, असं झालं तर 'टेन्शनमुळं असेल' असा निदानाचा अधिकार स्वतःकडे घेऊ नका, १०८ला फोन करा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक बिघडली, कशातच रस उरला नाही, काम सुचेनासं झालं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडं जावं. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) या सरकारी रुग्णालयात त्याचा विभाग आहे. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणी असं बोलून दाखवलं तर 'असं काय बोलतोस' म्हणून तोंड बंद करू नका. 'मरून जावं असं वाटतंय का?' असं सरळ विचारलं म्हणून तो विचार कुणाच्या डोक्यात नव्यानं शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या रात्री त्या माणसाला एकटं सोडू नये, कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत.

डॉक्टरांसमोर बसल्यावर पुष्कळांना काही आठवत नाही, 'बरं वाटत नाही' एवढंच तोंडातून निघतं. ती सात दिवसांची चाळीस पानी वही सोबत न्यावी. पाणी किती आहे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि चढतंय का उतरतंय तेही.